कागदाचा अधिकार आणि हाताचा अधिकार

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा लेख लिहावा, असा निरोप चिटणीसांकडून आला, तेव्हा ‘हे काम आपले नव्हे’ हाच विचार प्रथम माझ्या मनात आला. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवितो हे खरे. परंतु ती भाषा मी शिकलो मॉरिशसमध्येच. पुण्यामुंबईच्या विद्यापीठाची पायरी मी कधी चढलो नाही. आमच्या घरात क्रिओल बोलली जाते. मराठी येते ती आरतीच्या वेळी, लग्नाच्या मांडवात आणि शाळेच्या फळ्यावर. अशा मनुष्याने छापील लेख लिहिणे म्हणजे आगंतुकाने पंगतीत जाऊन बसण्यासारखे आहे, असे मला वाटे. यापूर्वी दोन वेळा असाच निरोप आला होता, आणि दोन्ही वेळा मी कामाची सबब पुढे केली होती.

या खेपेस होकार दिला, त्याला कारण एक मातीची मूर्ती आहे. ती घडविणारा माझा धाकटा भाऊ. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, आणि तीत माझा जो दोष आहे तोही लपवू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

माझा भाऊ पुष्कळ वर्षांपासून कतारची राजधानी दोहा येथे एका हॉटेलच्या हिशेबखात्यात नोकरी करतो आणि वेस्ट बे नावाच्या भागात राहतो. 2025 च्या डिसेंबरात शाळेच्या दीर्घ सुटीत मी त्याच्याकडे गेलो होतो. वेस्ट बेला अरबी लोक ‘अद्-दफ्ना’ म्हणतात. दफ्ना म्हणजे भर टाकून तयार केलेली जागा. जेथे पूर्वी उथळ समुद्र होता, तेथे भराव घालून ही भूमी उभी केली. 1982 साली तेथे पिरॅमिडच्या आकाराचे शेरेटन हॉटेल उघडले, तेव्हा सभोवार जवळजवळ मोकळे रानच होते. आज त्याच ठिकाणी काचेच्या मनोऱ्यांची एवढी दाटी झाली आहे की, संध्याकाळी दिवे लागले म्हणजे समुद्रात दुसरे शहर उतरल्यासारखे दिसते. खाडीच्या दुसऱ्या टोकाला मात्र जुन्या धाटणीची लाकडी गलबते अजून नांगरलेली असतात. अशी गलबते बांधणारे जुने कारागीर कागदावर नकाशा काढीत नसत. आधी बाहेरच्या फळ्या जोडावयाच्या, मग आतल्या फासळ्या त्यांच्या मापाने बसवावयाच्या, आणि सारे माप नजरेत व हातात ठेवावयाचे, अशी त्यांची रीत. साग मलबारच्या किनाऱ्याहून येई. तेथल्या वास्तव्यात या एका गोष्टीचा मला पुनःपुन्हा विचार पडे.

भावाच्या शेजारी कोल्हापूरचे एक गृहस्थ राहतात. मोठमोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांची देखभाल हा त्यांचा व्यवसाय. एके दिवशी ते एक जड पिशवी घेऊन आले. तीत शाडूची माती होती. गावाहून येताना त्यांनी ती सामानातून आणली होती. माघातील गणेशजयंती 22 जानेवारीला येत होती. ते भावाला म्हणाले, “भाऊ, लहानपणी तुम्ही आजोबांबरोबर गणपती करीत होता, असे वहिनी म्हणाल्या. यंदा आमचा माघी गणपती तुमच्या हातचा बसवू.”

भावाने हात जोडले. “नको हो. मी काही शिकलेला मूर्तिकार नाही. देवाची मूर्ती आहे. उगाच काही वेडेवाकडे व्हायचे.”

हे शब्द ऐकले आणि मी मान खाली घातली. कारण ते माझेच होते. आमचे आजोबा भाद्रपदात ओढ्याकाठची चिकणमाती आणून घरचा गणपती स्वतः घडवीत. त्यांना लिहिता येत नव्हते. मातीत ते थोडा पिंजलेला कापूस मिसळीत. त्यामुळे मूर्ती वाळताना तडकत नाही, असे सांगत. भाऊ त्यांच्याजवळ बसून उंदीर करी, मोदक करी, पुढे पुढे हातपायही करू लागला. आजोबा वारले त्या वर्षी त्याने एकट्याने पूर्ण मूर्ती केली. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मी नुकताच परीक्षा उत्तीर्ण होऊन शिक्षक होण्याच्या मार्गावर होतो, आणि चार पुस्तके वाचल्याचा वारा माझ्या अंगात भरला होता. मूर्तीचे एक पाऊल दुसऱ्याहून मोठे झालेले पाहून मी सर्वांदेखत म्हणालो, “खरे मूर्तिकार पेणला असतात. त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या हे शिक्षण चालते. तू न शिकता देवाच्या मूर्तीला हात लावतोस कशाला?” त्या वर्षापासून आमच्या घरी विकतची मूर्ती येऊ लागली. भावाने पुन्हा मातीला हात लावला नाही. मी ते बोलणे विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. कोल्हापूरकरांच्या आग्रहावरून आम्ही तिघे मेट्रोने एज्युकेशन सिटी येथे गेलो. तेथे नोव्हेंबर 2025 मध्ये ‘लौह व कलम’ या नावाचे मकबूल फिदा हुसेन यांचे चित्रसंग्रहालय उघडले आहे. हुसेन यांच्या काही चित्रांवरून भारतात मोठा क्षोभ झाला, अनेक श्रद्धाळू मने दुखावली, खटले झाले, आणि 2006 पासून ते देशाबाहेरच राहिले, हे वाचकांस ठाऊकच आहे. 2010 साली त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले व 2011 साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि माझी ती योग्यताही नाही. मला येथे सांगावयाची आहे ती त्यांच्या आरंभीच्या दिवसांची गोष्ट. 1915 साली पंढरपुरात, म्हणजे विठोबाच्या गावी, जन्मलेला हा मुलगा मुंबईस आला तो रिकाम्या हाताने. पोटासाठी त्याने सिनेमाचे अजस्र फलक रंगविले. मजुरी मिळे ती चौरस फुटाच्या हिशेबाने. पुढे संसार चालविण्यासाठी मुलांची खेळणी व लाकडी सामान यांचे नमुने केले. चित्रकलेचे बहुतेक शिक्षण त्याने स्वतःचे स्वतःच घेतले. 1947 साली बॉम्बे आर्ट सोसायटीने त्याच्या चित्राला पारितोषिक दिले, तेव्हा लोकांनी चित्रकार म्हणून त्याचे नाव घेतले. परंतु त्याच्या हाताने तोवर कित्येक वर्षे शिडीवर उभे राहून रंग लावला होता.

त्या संग्रहालयाच्या इमारतीविषयी एक गोष्ट कळली, तिने भावाचे लक्ष विशेष वेधले. त्या वास्तूची मूळ कल्पना हुसेन यांच्याच एका रेखाटनातून घेतलेली आहे. हुसेन हे वास्तुशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी मनात आले ते घर कागदावर काढले. पुढे शिकलेल्या वास्तुविशारदाने त्याची मापे बसविली, पाया व भिंती यांचा हिशेब केला आणि घर उभे राहिले. भाऊ बराच वेळ त्या निळ्या भिंतीकडे पाहत उभा होता. परतताना मेट्रोत तो एवढेच म्हणाला, “दादा, त्यांना कोणी म्हणाले नसेल का, की तुम्ही हे शिकलेले नाही?”

याचे उत्तर मी द्यावयाचे, ते कोल्हापूरकरांनी दिले. आणि ते त्यांच्या गावच्या अभिमानाने दिले. सिनेमाच्या फलकांवरून त्यांना बाबूराव पेंटरांची आठवण झाली होती. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. जन्म कोल्हापुरात, 1890 सालचा. वडील हरहुन्नरी कारागीर; मुलाचे शालेय शिक्षण बेताचेच. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळविले, आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहिल्यावर या दोघा भावांना चित्रपट काढण्याचे वेड लागले. परंतु कॅमेरा कोठून आणावयाचा? विलायती यंत्र घेण्याचे सामर्थ्य नव्हते, आणि यंत्रशास्त्र शिकविणारा गुरू नव्हता. त्यांनी यंत्रे उघडून पाहिली, भागांचा विचार केला आणि कॅमेरा स्वतः घडविण्याचा निश्चय केला. काम अर्ध्यावर असताना 1916 साली आनंदराव वारले.

येथे कोल्हापूरकर थोडे थांबले; मीही या ठिकाणी वाचकांस थांबण्याची विनंती करतो. न शिकलेल्या मनुष्याच्या कामात असा एक क्षण हटकून येतो. बरोबरीचा सोबती जातो, किंवा पैसा संपतो, किंवा केलेली वस्तू मोडते, आणि मन म्हणते, ‘हे आपले कामच नव्हते, देवानेच तसे दाखविले.’ शिकलेल्या मनुष्याचेही काम फसते, परंतु त्याला तो एक प्रसंग वाटतो. न शिकलेल्याला तो आपल्याविरुद्ध लागलेला निकाल वाटतो. बाबूरावांनी तो निकाल मानला नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी दोन वर्षे खटपट केली, आणि 1918 च्या सुमारास तो कॅमेरा तयार झाला. त्याच कॅमेऱ्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ निघाला व 1920 साली तो लोकांसमोर आला. 1925 सालच्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी सांगितली. कर्जामुळे गाव सोडावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या पूर्वजांपैकी कितीकांना सांगावे लागले नसते!

त्या एका कॅमेऱ्याचा वंश पुढे फार वाढला. दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झाले. त्यांनी आणखी दोघा सहकाऱ्यांसह 1929 साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या 1936 सालच्या चित्रपटाचा पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरव झाला. त्या वेळी आपल्याकडे चित्रपटकलेची सनद देणारी शाळाच नव्हती. अशी शाळा पुण्यात निघाली ती 1960 साली, आणि तीही प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या आवारात. म्हणजे आज जेथे विद्यार्थी चित्रपटकलेची सनद घेतात, ती भूमी सनद नसलेल्यांनी कसलेली आहे.

आणि त्यांनी चित्र काढले तेही कोणाचे? देहूच्या एका वाण्याचे, ज्याला कवित्वाचा अधिकार नाही म्हणून त्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या होत्या. त्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. आणि ज्यांनी आक्षेप घेतला तेच पुढे तुकोबांचे भक्त झाले, असेही सांगते. आपल्या धर्मात ‘अधिकार’ हा शब्द फार मोठा आहे. परंतु आपल्या संतमंडळींकडे पाहा : नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, चोखोबा महार, जनाबाई दासी. यांना अधिकार दिला कोणी? ते रोज गात राहिले, आणि गाता गाता अधिकार त्यांच्याकडे चालत आला. आपल्या काळाच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे घ्यावे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना व जात्यावर बसताना त्या रचीत, आणि घरचे कोणी ते उतरवून घेई. 1951 साली त्या वारल्या, त्यानंतर ते कवित्व पुस्तकरूपाने निघाले, आणि महाराष्ट्राला कळले की, आपल्यात एक मोठी कवयित्री नांदत होती. उतरवून घेणारे हात घरात नसते तर? माझ्यासारख्या शिक्षकाने हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. शिक्षण निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारा शिक्षक अन्नास जागला नाही असे होईल. रोग्याच्या पोटावर शस्त्र चालविणाऱ्याजवळ सनद हवी. पूल बांधणाऱ्याजवळ हवी. हुसेन यांच्या रेखाटनाचे घर झाले, ते हिशेब जाणणाऱ्याने हात लावला म्हणून. परंतु मातीची मूर्ती, पदाची चाल, कापडावरची वेलबुट्टी, मुलांसाठी रचलेली गोष्ट, यांत चूक झाली तर कोणाचा जीव जात नाही. तेथे सनद मागणे म्हणजे चालू लागलेल्या मुलाकडे परवाना मागणे आहे. मात्र सनद नाही म्हणून मेहनतही नको, असा कोणी अर्थ घेऊ नये. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण घडविणाऱ्याच्या हातालाही लागू आहे. बाबूरावांनी दोन वर्षे जे केले ते शिक्षणच होते; फक्त त्याची परीक्षा घेणारा कोणी नव्हता.

आणि आपण मॉरिशसकर मराठी माणसांनी तर या बाबतीत शंका बाळगण्याचे कारणच नाही. गिरमिटाच्या कागदावर आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कित्येकांनी नावाऐवजी नुसती खूण केली. मुंबई बंदरातून ते निघाले, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, आणि तेथे त्यांना एक क्रमांक मिळाला. ऊसमळ्याच्या दप्तरात त्यांचा हुद्दा लिहिला तो केवळ मजूर. त्यांच्यापैकी कोणी संगीतशाळेत गेले नव्हते. तरी कोकणची जाखडी त्यांनी या बेटावर आणली, आणि आजही गणेशोत्सवात आपली पोरे ती झाकरी घुंगरू बांधून नाचतात. कोणी मूर्तिशास्त्र वाचले नव्हते. तरी ओढ्याच्या मातीतून त्यांनी गणपती घडविला, आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. ‘आम्हाला येत नाही’ असे म्हणून ते स्वस्थ बसले असते, तर ही स्मरणिका निघण्याचे काही कारणच उरले नसते. मग त्यांच्या शिकलेल्या नातवंडांनी, पणतवंडांनी एवढे भ्यावे कशाला? मला वाटते, शाळेने आपल्याला अक्षर दिले, आणि त्याबरोबर न कळत तांबड्या शाईचे भयही दिले.

त्या रात्री मी भावाला जुन्या बोलण्याची आठवण दिली आणि क्षमा मागितली. तो हसला, म्हणाला, “दादा, पाऊल मोठे झाले होते हे मात्र खरे.” मग त्याने कपाटाच्या तळातून एक डबा काढला. त्यात कणकेची, मेणाची, मुलांच्या खेळण्यातल्या मातीची लहान लहान बोटे, कान आणि सोंडा होत्या. मुलगी निजल्यावर तो त्या करी आणि झाकून ठेवी. इतक्या वर्षांत हात थांबलाच नव्हता. फक्त तोंडाने ‘येत नाही’ म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने शाडू भिजविला. पाटावर आधी पोटाचा गोळा, मग मांडी, मग हात, मग मस्तक, असा क्रम होता, आणि तो आजोबांचाच होता. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तो सोंड तडकलेली! घरातील यंत्राच्या थंड, कोरड्या हवेने माती फार लवकर वाळली होती. भाऊ काही बोलला नाही. मला मात्र तो चौदा वर्षांचा मुलगा समोर दिसू लागला, आणि आता तो पुन्हा हात आखडून घेणार, असे भय वाटले. परंतु त्याने शेजाऱ्यांना हाक मारली. कोल्हापूरकरांनी वातानुकूलनाची हवा मूर्तीकडे येणार नाही अशी व्यवस्था केली. भावाने तडा टोकदार काडीने खरवडला, त्यात पातळ चिखल भरला, नव्या मातीत कापूस मिसळून सोंड पुन्हा बसविली आणि वर ओले फडके घातले. मूर्तीजवळ दोन दिवस कोणी यंत्र लावले नाही. तडा पुन्हा आला नाही.

शाळा उघडावयाची म्हणून मी जानेवारीच्या आरंभी परत आलो. 22 तारखेस फोनवर छायाचित्र आले. वेस्ट बेतील त्या उंच घरात, पाटावर, एक वीतभर उंचीचा गणपती बसला होता. सोंडेचा जोड जाणत्याला दिसेल असा होता. या खेपेस दोन्ही पावले सारखी होती. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली. मूर्तिकाराची सनद पाहू द्या, असे देवाने म्हटले नाही, आणि जमलेल्या मंडळींपैकी कोणी म्हटले नाही. विसर्जन घरातच बादलीत झाले, आणि ते पाणी गच्चीतील तुळशीला घातले.

तेव्हापासून माझ्या वर्गात मी एक नियम केला आहे. मुलाने मराठीत चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिल्या, तर प्रथम त्या सर्वांना वाचून दाखवावयाच्या. शुद्धलेखनाची तांबडी शाई त्यानंतर. क्रिओलचा एखादा शब्द आत शिरला असेल तर त्याला मराठी शब्द शोधण्याचे काम साऱ्या वर्गाने मिळून करावयाचे. मुले पूर्वीपेक्षा अधिक चुका करतात, कारण ती पूर्वीपेक्षा अधिक लिहितात.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा एखादा झाकलेला डबा असेल. त्यात कोणाची पदे असतील, कोणाची चित्रे, कोणाचे अर्धवट विणलेले काही. येत्या भाद्रपदात तो उघडावा, आणि एखाद्या तरी घरी घरच्या हातचा गणपती बसावा, एवढी माझी विनंती आहे. आणि ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे, त्या वडीलधाऱ्यांनी मुलाची पहिली मूर्ती पाहताना पावलांची मापे काढू नयेत, ही दुसरी. विद्येची देवता आणि कलेचा अधिपती असा जो श्रीगणेश, तो आपणा सर्वांच्या हातांना धीर देवो.